अग्निशामकाकडून किती मागावे?

रत्नागिरीहून गणपतीपुळ्यास समुद्रकाठाने जाणारा रस्ता आरे-वारे या जोडगावांवरून जातो. एका अंगास खाली पसरलेली वाळू, दुसऱ्या अंगास जांभ्या दगडाचा उघडा सडा, आणि उतारांवर आंब्या-काजूची कलमे, असा हा प्रदेश आहे. पावसाळ्यात सडा हिरव्या गवताने झाकून जातो. दिवाळी सरली की ते गवत पिवळे पडू लागते, आणि माघ-फाल्गुनात त्याची अशी स्थिती होते की विडीचे एक जळते थोटूक पडले तरी पुरे. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजण्याची जी जुनी चाल कोकणात आहे, तिला भाजावळ म्हणतात. त्या भाजावळीतील एखादी ठिणगी वाऱ्यावर निसटली म्हणजे पाहता पाहता वणवा पेटतो, आणि वर्षानुवर्षे पोटच्या पोरासारखी वाढविलेली कलमे घटकेत करपून जातात.

अशा वणव्यापाशी शहरातला बंब सहसा पोहोचत नाही. तो रस्त्यावर थांबतो, आणि आग सड्यावर असते. मग माणसे हिरवे टाहाळ तोडून घेतात, वाऱ्याची दिशा पाहतात, आगीच्या कडेकडेने जाऊन ती झोडपून विझवितात, आणि जेथे झोडपणे अशक्य तेथे पुढे जाऊन गवत काढून जमीन उघडी करतात. या कामी गाव माणसाकडून काय मागते हे पाहण्यासारखे आहे. हाक आली की यावे, हातात टाहाळ घ्यावा, जाणत्याने सांगितले तेथे उभे राहावे, आणि ‘मागे व्हा’ म्हटले की मागे व्हावे. जो आलाच नाही त्याची आठवण गाव ठेवते. परंतु ज्वाळेत शिरला नाही म्हणून कोणी कोणास भित्रा म्हणत नाही, किंवा आग विझविणारा घरी बायकोशी कसा वागतो, सांजेस काय पितो, याची चौकशी सड्यावर उभी राहून कोणी करीत नाही.

याच किनाऱ्यावरचा माणूस पोटासाठी मुंबईस गेला, गिरणीत, गोदीत किंवा नगरपालिकेच्या चाकरीत लागला, म्हणजे आगीचा अर्थच पालटतो. गावातील आग सर्वांची असते. शहरातील आग बंबवाल्याची होते. शहरवासी कर भरतो, दूरध्वनी उचलतो आणि गच्चीवर उभा राहून पाहतो. स्वतःच्या हातून गेलेले काम दुसऱ्याच्या गळ्यात पडले की त्या दुसऱ्याविषयी माणसाच्या अपेक्षा फार उंच होतात. बंबवाला शूर असावा, एवढ्याने भागत नाही. तो कधी न भिणारा असावा. प्रामाणिक असावा, हेही पुरत नाही. तो निरिच्छ असावा. शक्य तर त्याने थकू नये, रागावू नये, आणि पगारवाढीचे नाव काढू नये. आग लवकर विझली तर ते त्याचे कर्तव्यच होते, आणि बंबास उशीर झाला तर ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ ही म्हण तयारच आहे. या अपेक्षांपैकी कोणत्या रास्त आणि कोणत्या अवास्तव, याचा विचार इतिहासाच्या आधारे करणे जरूर आहे. तसे करण्यास मुंबईइतके योग्य स्थळ दुसरे क्वचितच सापडेल.

आग विझविणाऱ्यास देवमाणूस मानण्याची रीत फार जुनी नाही. प्राचीन रोमशहरात, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात, क्रासस नावाचा एक धनाढ्य सरदार होता. जळत्या व जळत्यालगतच्या घरांचे मालक भयभीत झाले की तो ती घरे कवडीमोलाने विकत घेई आणि आपल्या गुलाम कारागिरांकडून पुन्हा बांधून घेई, अशी हकीकत प्लूटार्कने नोंदविली आहे. आगीत गिऱ्हाईक शोधणाऱ्या या गृहस्थानंतर सुमारे साठ वर्षांनी, इसवी सन ६ मध्ये, ऑगस्टस बादशहाने शहरासाठी पहारेकऱ्यांच्या सात तुकड्या उभ्या केल्या. रात्री गस्त घालावी आणि आग दिसताच विझवावी, हे त्यांचे काम. या तुकड्यांत भरती झाली ती मुख्यतः गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांची. डांबर फासलेल्या गवती बादल्या ते वाहून नेत, म्हणून लोक त्यांस थट्टेने बादलीवाले म्हणत. पुढे इसवी सन २४ च्या एका कायद्याने, यांतील ज्यांचे नागरिकत्व अपुरे होते त्यांस सहा वर्षांच्या चाकरीनंतर पूर्ण नागरिकत्व मिळू लागले. म्हणजे रोमने त्यांच्यापुढे सद्गुणांची यादी ठेविली नाही. काम सांगितले, मुदत सांगितली, आणि मोबदलाही सांगितला. थट्टा केली हे खरे, परंतु थट्टेने कोणी मरत नाही.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये या कामास शास्त्राचे रूप आले ते जेम्स ब्रेडवुड याच्या हातून. १८२४ साली एडिंबरो शहराच्या दलाचा तो प्रमुख झाला तेव्हा त्याचे वय अवघे चोवीस वर्षांचे होते. त्याने माणसे निवडली ती कौलारू, सुतार, गवंडी, लोहार अशा कारागिरांतून. कारण छप्पर कोठून उकलावे, भिंत कोठे ढासळेल, हे या माणसांस ठाऊक असते. १८३३ साली तो लंडनच्या विमा कंपन्यांनी मिळून चालविलेल्या दलाचा प्रमुख झाला. रस्त्यावरून आंधळेपणाने पाण्याचा मारा करण्यापेक्षा आत शिरून आगीचे मूळ गाठावे, परंतु कोणी एकट्याने आत जाऊ नये, ही त्याची शिकवण. धाडसास त्याने अशी मर्यादा घातली, आणि ती मर्यादाच धाडसाचा आधार झाली.

दैवाची गंमत अशी की तो स्वतः त्याच कामी गेला. २२ जून १८६१ रोजी लंडनच्या टूली रस्त्यावरील नदीकाठच्या वखारींस आग लागली. ताग, अंबाडी, कापूस, साखर, तांदूळ, चरबी असा माल तेथे भरला होता. त्यातील बराचसा पूर्वेकडूनच गेलेला असावयाचा. आपल्या माणसांचा समाचार घेत ब्रेडवुड एका भिंतीजवळून जात असता ती भिंत कोसळली आणि तो तिच्याखाली गाडला गेला. आग दोन आठवडे धुमसत होती. त्याच्या अंत्ययात्रेस लंडन लोटले. तथापि लंडनने केवळ शोक केला नाही. वखारींत कोणता माल कसा रचावा, दल कोणी पोसावे, खर्च कोणी सोसावा, हे प्रश्न पुढे आले, आणि १८६५ च्या कायद्याने राजधानीचे सार्वजनिक अग्निशामक दल उभे राहिले. मेलेल्याच्या गुणगानाबरोबर जिवंतांच्या जबाबदारीचाही हिशेब झाला, हे या प्रकरणातील घेण्यासारखे आहे.

मुंबईची कथा याच धर्तीवर सुरू होते. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी कोटात जी भयंकर आग लागली तिने कोटाच्या आतील वस्तीचा मोठा भाग खाक केला, आणि दाटीने बांधलेल्या लाकडी घरांचा धोका सरकारास उमगला. पुढे बरीच वर्षे बंब पोलिसांच्या ताब्यात होते. चोर पकडणारा आणि आग विझविणारा हात एकच असे. १८८८ च्या कायद्याने शहराची व्यवस्था महानगरपालिकेकडे रीतसर आली, तेव्हा आग विझविणे हेही तिचे कर्तव्य ठरले. घोड्यांचे बंब गेले, मोटारीचे आले. घंटा ऐकू आली की गिरगाव-भुलेश्वरातील चाळींच्या गॅलऱ्या भरून जात, आणि लहान मुलांना मोठेपणी बंबावर बसावेसे वाटे. ही हौस निर्मळ असते. तिच्यात अवास्तव काही नाही.

परंतु १४ एप्रिल १९४४ या दिवसाने मुंबईच्या बंबवाल्यांस एकदम दुसऱ्याच पायरीवर नेऊन बसविले. त्या दिवसाची हकीकत थोडी सविस्तर पाहावयास हवी, कारण येथून पुढे ‘बंबवाला’ आणि ‘हुतात्मा’ हे शब्द जोडीने उच्चारले जाऊ लागले.

‘फोर्ट स्टिकिन’ हे सात हजार टनांवर वजनाचे जहाज २४ फेब्रुवारी १९४४ रोजी इंग्लंडातील बर्कनहेड बंदरातून निघाले. त्याच्या पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटके व दारूगोळा, स्पिटफायर जातीची विमाने, आणि सोन्याच्या विटा होत्या. कराचीस काही माल उतरला आणि रिकाम्या झालेल्या जागेत कापसाच्या हजारो गासड्या, तेलाची पिंपे, लाकूड, गंधक, राळ, तांदूळ आणि मासळीचे खत भरण्यात आले. स्फोटकांच्या शेजारी कापूस आणि तेल ठेवणे म्हणजे काय, हे समजण्यास नौकानयनाचे ज्ञान लागत नाही. घरातील चूल सांभाळणारी कोणतीही गृहिणी ते सांगेल. जहाजाचा कप्तान नेस्मिथ याने या मालाविषयी नाराजी दर्शविली होती. परंतु युद्धकाळ होता, जहाजे अपुरी होती, आणि घाईपुढे शहाणपण थिटे पडले.

१२ एप्रिल रोजी जहाज मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत पहिल्या धक्क्यास लागले. स्फोटके असलेल्या जहाजाने तांबडे निशाण लावावे असा संकेत असतो. तसे निशाण त्यावर नव्हते. शिवाय उतराई सुरू झाली ती स्फोटकांपासून नव्हे, इतर मालापासून. १४ तारखेस दुपारी जेवणाच्या सुट्टीच्या वेळी, म्हणजे साडेबारा-एकच्या सुमारास, आसपासच्या काहींनी जहाजातून धूर निघताना पाहिला होता. परंतु ज्याने त्याने ते दुसऱ्याचे काम मानले. खरा बोभाटा झाला तो दोनच्या सुमारास, दुसऱ्या क्रमांकाच्या कोठारातून धूर वर आल्यावर. या कोठारात कापूस होता आणि स्फोटकेही होती.

बंब आले. आधी थोडे, मग जहाजावर काय भरले आहे हे कळताच आणखी. मुंबईच्या दलाचे प्रमुख नॉर्मन कूम्ब्स हे स्वतः आले. कोठारात इतका दाट धूर कोंडला होता की आग नेमकी कोठे आहे हे दिसेना. नऊशे टनांवर पाणी आत सोडण्यात आले. पाणी उकळू लागले, जहाजाचे पोलाद तापून त्यावरील रंगास फोड आले, परंतु आग विझेना. त्या वेळी धक्क्यावर गोदीचे अधिकारी, लष्करी दारूगोळ्याचे जाणकार, जहाजाचे कप्तान आणि अग्निशामक दल, असे चार प्रकारचे शहाणपण हजर होते. जहाज बुडवावे, असे एकाचे मत. ते ओढून समुद्रात न्यावे, असे दुसऱ्याचे. येथेच आग विझवावी, असे तिसऱ्याचे. प्रत्येक मतास काही ना काही अडचण होती, आणि सर्वांवर हुकूम चालेल असा एकही माणूस तेथे नव्हता. वाद चालू असता पाणी मारणे मात्र चालू राहिले, कारण निर्णय होवो वा न होवो, पाणी मारणाऱ्यास थांबा असे कोणी सांगितले नव्हते.

तीन वाजून पन्नास मिनिटांनी ज्वाळा उफाळल्या आणि कप्तानाने खलाशांस जहाज सोडण्याचा हुकूम दिला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, आणि सुमारे अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो कोसांवरील सिमल्याच्या भूकंपमापक यंत्राने तो धक्का टिपला. सिंधिया कंपनीच्या ‘जलपद्म’ जहाजाचा मागचा भाग उचलून धक्क्यावरच्या गुदामावर जाऊन पडला. शेजारची वस्ती पेटली. गोदीच्या निरनिराळ्या कामांवर असलेल्यांपैकी २३१ माणसे मेली असे नोंदले गेले, आणि त्यांत अग्निशामक दलाची ६६ होती. शहरातील मृतांचा आकडा याहून पुष्कळ मोठा. युद्धाच्या सेन्सॉरमुळे ही वार्ता जगास प्रथम ऐकविली ती जपान्यांच्या ताब्यातील सायगाव नभोवाणीने, दुसऱ्याच दिवशी; वार्ताहरांस सविस्तर वृत्त बाहेर धाडण्याची मुभा मिळाली ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. ज्या सरकारास धोक्याची माहिती वेळेवर धक्क्यापर्यंत पोहोचविता आली नाही, त्यास ती लपविता मात्र आली.

आता प्रश्न असा की या ६६ माणसांनी काय केले? त्यांनी प्राणांची आहुती दिली, असे सांगण्याचा प्रघात आहे. या शब्दांमागील आदर खरा आहे आणि तो कमी करण्याचे कारण नाही. तथापि आहुती देणारा समजून उमजून देतो. त्या दुपारी पाइप धरून उभ्या असलेल्या सामान्य शिपायास कोठारात नेमके किती टन काय आहे, ते किती वेळात पेटेल, याची समज कोणी कितपत दिली असेल? तो मरावयास आला नव्हता. तो आग विझवावयास आला होता आणि संध्याकाळी घरी जाणार होता. त्यास हुतात्मा म्हटले की पुढचे प्रश्न आपोआप गळतात. निशाण का नव्हते, कापूस स्फोटकांपाशी का होता, हुकूम कोणाचा चालत होता, आणि माघारीची वेळ कोणी ठरवावयाची होती, हे प्रश्न पुण्यात्म्यांच्या समाधीपाशी विचारणे अप्रशस्त वाटू लागते. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लेनर्ड स्टोन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. निष्काळजीपणाने टाकलेली जळती विडी-सिगारेट हे आगीचे संभाव्य कारण तिने मानले, आणि एकसूत्री अधिकाराचा अभावही तिच्या नजरेतून सुटला नाही. परंतु लोकांच्या स्मरणात अहवाल राहिला नाही. राहिला तो जयजयकार.

याच संबंधात महाराष्ट्रास अत्यंत परिचित असा एक दाखला आठवतो. १६६० च्या आषाढात घोडखिंडीत बाजीप्रभू उभे राहिले ते मरेपर्यंत उभे राहावे म्हणून नव्हे. शिवाजीमहाराज विशाळगडास पोहोचल्याच्या तोफा ऐकू येईपर्यंत खिंड धरावी, असे ठरले होते, असे परंपरा सांगते. म्हणजे त्या अलौकिक पराक्रमासही एक हेतू होता आणि एक हद्द होती. राजाने सेवकाकडून प्राण मागितले नाहीत. वेळ मागितला, आणि तो संपल्याची खूणही आधीच ठरविली. व्हिक्टोरिया गोदीत तोफ कोणी ठरविली नव्हती. ज्यास काम कधी संपले हे सांगितलेले नाही, त्याच्याकडून अखेरपर्यंत उभे राहण्याची अपेक्षा करणे म्हणजे बाजीप्रभूंच्या नावाने दुसऱ्याची हलगर्जी झाकणे होय. न्यूयॉर्क येथे ११ सप्टेंबर २००१ रोजी ३४३ अग्निशामक मृत्युमुखी पडले, तेव्हाही चौकशीत हेच दिसून आले की इमारत सोडण्याचा हुकूम आत चढलेल्या कित्येकांच्या कानी स्पष्ट पोहोचला नव्हता. साठ वर्षांत यंत्रे पालटली; माघारीचा हुकूम मात्र तसाच वाटेत अडकला.

शौर्याविषयी एवढे झाले. प्रामाणिकपणाविषयी मात्र न्याय निराळा लावावा लागतो. बंबवाला हा असा एकच सरकारी माणूस आहे की जो कुऱ्हाडीने दार फोडून आत येतो आणि घरधनी त्याचे आभार मानतो. तिजोरी उघडी असते, दागिन्यांचा डबा पलंगाखाली असतो, आणि पाहणारा कोणी नसतो. ‘जळत्या घराचा पोळता वासा’, म्हणजे जळून जाणाऱ्यातून हाती लागेल ते आपले, ही म्हण भाषेत आहे याचाच अर्थ हा मोह माणसास पूर्वीपासून ठाऊक आहे. म्हणून अग्निशामकाने कशास हात लावू नये, ही अपेक्षा कडक असली तरी अवास्तव नाही. ती पाळता येते, तपासता येते, आणि मोडली तर शिक्षा करता येते. तिच्यासाठी साधुत्वाची गरजही नाही. १९४४ च्या त्याच स्फोटात ‘फोर्ट स्टिकिन’वरील सोन्याची एक वीट उडून दूरवरच्या एका पारशी गृहस्थाच्या घरात येऊन पडली, आणि त्याने ती सरकारास परत केली. त्या गृहस्थाने कोणतीही शपथ घेतली नव्हती. त्यास गणवेश नव्हता. सामान्य नागरिकाकडून जे घडू शकते ते नोकरीतील माणसाकडून मागण्यास संकोच कशाला?

उरला खासगी आचरणाचा भाग. त्यावर फार वेळ घालविण्याचे कारण नाही. सुट्टीच्या दिवशी बंबवाला तमाशास गेला, शेजाऱ्याशी भांडला, किंवा मतदान कोणास करावे यावर चढ्या आवाजात बोलला, तर त्यास इतर नागरिकांस लागू असलेला कायदा आणि नोकरीचे नियम पुरेसे आहेत. कामावर येताना तो शुद्धीवर असावा हे रास्त. तो जन्मभर निर्व्यसनी असावा हे हट्टाचे. वकील, व्यापारी, नट यांच्याविषयी सैल असणारी जीभ बंबवाल्याविषयी एकाएकी सोवळी का होते, याचे उत्तर त्या सोवळेपणात शोधून सापडावयाचे नाही. एखाद्यास देव्हाऱ्यात बसविले की त्याचा पगार वाढवावा लागत नाही, आणि तो माणसासारखा वागताना दिसला की देव्हाऱ्यातून ओढून काढण्याचे सुखही मिळते.

अलीकडच्या काळातील एका घटनेने हा प्रश्न मुंबईपुढे पुन्हा उभा केला. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीत जुन्या हनुमान गल्लीतील गोकुळ निवास या जुन्या इमारतीस आग लागली. रहिवासी बाहेर काढण्यात आले. त्यानंतर इमारत ढासळली आणि दलाचे अधिकारी तिच्या तावडीत सापडले. संजय राणे व महेंद्र देसाई हे तेथेच गेले. सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर हे भाजल्यामुळे पुढे रुग्णालयात वारले. एकाच आगीत दलाचे चार अधिकारी, आणि त्यांत स्वतः प्रमुख! टूली रस्त्यावर १८६१ साली प्रमुख भिंतीखाली गेला होता. दीडशे वर्षांनी मुंबईत तेच घडले. प्रमुखाने पुढे असावे, हे उदात्त आहे. परंतु ढासळत्या इमारतीपासून किती अंतरावर उभे राहावे, हा बांधकामाचा प्रश्न आहे, चारित्र्याचा नव्हे. त्याचे उत्तर ‘तो भ्याला नाही’ या वाक्याने देता येत नाही. उलट मागे उभे राहून हुकूम देणाऱ्या प्रमुखास कोणी भित्रा म्हणणार असेल, तर पुढील प्रमुखही भिंतीखालीच जाऊन उभा राहील.

सुदैवाने कायद्याने या बाबतीत काही शहाणपण दाखविले आहे. महाराष्ट्रात २००६ साली आग प्रतिबंध व जीवसंरक्षण यांविषयीचा जो अधिनियम झाला, त्याने इमारतीतील आगप्रतिबंधक साधने ठेवण्याची व चालू स्थितीत राखण्याची जबाबदारी मालकावर व वहिवाटदारावर टाकली आहे. परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, तसा दाखला घ्यावयाचा असतो. आता श्रोत्यांपैकी प्रत्येकाने आपल्या इमारतीच्या जिन्यात एकवार डोकावून पाहावे. तेथे जुन्या सायकली, मोडके कपाट, कोणाच्या तरी लग्नातील मंडपाचे सामान आणि बंद पडलेला नळ असेल, तर काळोखात धुराने भरलेल्या त्याच जिन्याने वर चढणाऱ्याकडून कोणत्या नीतीची अपेक्षा करावयाची? घरमालकाकडून सहा महिन्यांनी एकदा एक कागद मागता येत नाही, आणि बंबवाल्याकडून मात्र क्षणाक्षणास प्राण मागता येतो, हा हिशेब कोणत्याही वाण्याच्या वहीत जुळणारा नाही.

दरवर्षी १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो, आणि तेथून आठवडाभर आगीपासून संरक्षणाचा प्रचार चालतो. भायखळ्याच्या मुख्य केंद्रातील स्मारकापाशी त्या सकाळी दलाची माणसे गणवेशात उभी राहतात. स्मारकावर फुले वाहिली जातात, आणि त्या वेळीही बंब सज्ज असतात. घंटा वाजली तर निघावे लागते.

आरे-वाऱ्याच्या सड्यावर १४ एप्रिल म्हणजे ऐन काजूच्या आणि आंब्याच्या हंगामाचे दिवस. गवत सुकलेले, वारा समुद्राचा, आणि खाली रस्त्यावर सहलीस आलेल्यांच्या मोटारी. ज्या बागांभोवती हंगामाआधी गवत काढून जाळपट्टा मोकळा केलेला असतो, तेथे आलेली आग कडेलाच थबकते आणि टाहाळ घेतलेल्या दहा-बारा माणसांस पुरी पडते. हे गवत काढण्याचे काम कंटाळवाणे असते, उन्हात करावे लागते, आणि ते होताना पाहावयास कोणी जमत नाही.